आश्रुबाच्या हातचा कांदा

चारठाण्याच्या फाट्यावरच्या ‘हॉटेल शिवकन्या’त कामाला जायचं म्हणजे आधी हात दाखवायचे. पंजा वर, पंजा खाली, मग नखं. मालक आश्रुबा सकाळी मागच्या दाराशी उभाच असायचा. “हात दाखव,” म्हणायचा आणि समोरच्याचा हात थेट आपल्या नाकाशी धरायचा. साबणाचा वास आला तर आत, नाही आला तर कानाखाली. आणि आश्रुबाची कानाखालची म्हणजे काय लाडाची टपली नव्हे. ती खाल्लेला माणूस दोन दिवस त्या बाजूनं ऐकायचा नाही.

पन्नाशी उलटलेला, आडव्या हाडाचा गडी, राग कायम नाकावर. गिऱ्हाइकानं ताटात केस दाखवला तर आश्रुबा आधी गिऱ्हाइकाचं डोकं बघायचा, मग सुमनबाईचं. सुमनबाई चुलीपुढं भाकरी थापायची. बायको कडूबाई उसळ आणि पिठलं बघायची. ताटं वाढायला आणि धुवायला नागसेन. हा बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत राहायचा. तिशीचा, दोन लेकरांचा बाप, हसतमुख. चार वर्षांत एक खाडा नाही. आश्रुबा त्याचाही हात रोज हुंगायचा आणि नागसेनही दारात आला की न सांगता हात पुढं करायचा.

पण कांदा? कांद्याला मात्र आश्रुबा कुणाला बोट लावू द्यायचा नाही. परातभर कांदा उभा चिरायचा, त्यावर मीठ, तिखट, शेंगदाण्याचं कूट, कच्चं तेल, कोथिंबीर. मग दोन्ही हात त्यात घालून असा चोळायचा, असा चोळायचा, की कांद्याला पाणी सुटायचं आणि बघणाऱ्याच्या तोंडाला. हा कांदा ताटाबरोबर फुकट. जिंतूरचे मास्तर लोक, एसटीचे ड्रायव्हर, मंठ्याकडून येणारे सोयाबीनचे व्यापारी, सगळे वाट वाकडी करून या कांद्यासाठी थांबायचे. जाताना म्हणायचे, “आश्रुबा, तुझ्या हाताला चव हाय बाबा.”

हे वाक्य ऐकलं की आश्रुबा फुगायचा. मीठ, मिरची, तेल साऱ्या दुनियेत तेच, मग चव आली कुठून? हातातून! म्हणून तो हाताला साबण लावायचा नाही. “साबणाचा वास लागला की कांदा मेला,” हे त्याचं ठाम मत. परसाकडून आला तरी हात नळाखाली धरायचा, खांद्यावरच्या पंच्याला पुसायचा आणि परातीत घालायचा. आता बोला! साऱ्या गावाचे हात हुंगणाऱ्या या माणसानं स्वतःचे हात कधी हुंगले नाहीत. आणि हुंगा म्हणून सांगणार कोण? कान कुणाला नको होते?

तर श्रावण सरता सरता ताप सुरू झाला. आधी एसटीचा एक ड्रायव्हर पडला. मग जिंतूरचे दोन मास्तर. मग लग्नाची बोलणी करून परतताना इथं जेवलेलं सोनपेठकडचं एक कुटुंबच्या कुटुंब. सगळ्यांच्या रक्तात टायफाईड निघाला. म्हातारी माणसं याला मुदतीचा ताप म्हणतात, कारण तो आपली मुदत भरल्याशिवाय जात नाही. आणि कुठं जेवला होतात म्हणून विचारलं की सगळ्यांच्या तोंडी एकच नाव यायचं, शिवकन्या.

लोक म्हणजे लोक. त्यांनी तापालाच ते नाव देऊन टाकलं. “आमच्या ह्यांना शिवकन्या झालाय,” असं बायका पाणवठ्यावर बोलायला लागल्या. शिवकन्या हे आश्रुबाच्या एकुलत्या एक लेकीचं नाव. नवसानं झालेली, तळहातावर वाढवलेली. तिच्या नावाचा असा ताप व्हावा?

एक दिवस पानटपरीवर सिताराम नावाचा एक जण सहज बोलून गेला, “जपून खा रे, न्हाईतर शिवकन्या अंगात भरंल.” मागं आश्रुबा उभा. तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं सितारामची मान धरली, टपरीच्या पत्र्यावर तोंड आपटलं, एकदा, दोनदा. दोन दात गेले. रक्ताची धार पानावरच्या चुन्यात सांडली. “माझ्या लेकीचं नाव घेतोस? पुन्हा घे! घे म्हणतो ना!” चार जणांनी ओढून काढलं तेव्हा सुटला. हॉटेलात येऊन रक्ताचा हात पंच्याला पुसला आणि कांदा चोळायला बसला.

आणि मग खुद्द शिवकन्याच पडली.

पोरगी सातव्या महिन्यात माहेरी आलेली, पहिलंच बाळंतपण. अंग भट्टीसारखं तापलं, बडबडायला लागली. जिंतूरच्या दवाखान्यात दहा दिवस सलाईनवर होती. दहा दिवस आश्रुबा दवाखान्याच्या पायरीवर बसून होता, अन्नाचा कण पोटात नाही. शेवटी ताप उतरला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “या वेळी दोघंही वाचली. पण पुन्हा चढला तर बाळाचं मी सांगू शकत नाही. आईचंही नाही.”

आश्रुबा लेकीला घेऊन घरी आला आणि देवापुढं उभा राहून मोठ्यानं म्हणाला, “ज्याच्यामुळं हे झालं त्याला मी जित्ता गाडीन.” कडूबाई उसळीत पळी फिरवत होती. तिचा हात थांबला. ती नवऱ्याकडं नुसती बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी आरोग्य खात्याची रोहिणी आली. पस्तिशीची, चष्मा, खांद्याला पिशवी, पिशवीत झाकणाच्या पांढऱ्या डब्या. तिनं टाकी बघितली, मोरी बघितली, नागसेननं धुतलेली ताटं उन्हात धरून बघितली. “ताटं छान आहेत,” म्हणाली. मग सगळ्यांना एका ओळीत उभं केलं.

“प्रत्येकानं उद्या सकाळी या डबीत संडासचा नमुना द्यायचा. तपासायला परभणीला जाईल.”

आश्रुबाचं पित्त खवळलं. “काय डोकं फिरलंय का मॅडम? आमी अन्न विकायलाव का घाण?”

“घाणीतच सापडतं काका ते. काही माणसं अशी असतात, टायफाईड येऊन जातो, ती बरी होतात, पण जंतू पोटात राहतात. पित्ताच्या पिशवीत घर करून बसतात, वर्षानुवर्षं. त्या माणसाला काही होत नाही. धडधाकट असतो, ताप नाही, अंगदुखी नाही. पण त्याच्या हातचं खाणारा पडतो.”

“म्हंजी लपून बसलेला चोर.”

“चोर नाही. त्या बिचाऱ्याला स्वतःलाच माहीत नसतं.”

आश्रुबाला यातलं ‘बिचाऱ्याला’ ऐकूच आलं नाही. धडधाकट, एवढंच कानात शिरलं.

“उकळलं की मरतात हे जंतू,” रोहिणी सांगत होती. “म्हणून उसळीतून नाही होत. कच्च्यातून होतं. यातल्या कुणाला आधी टायफाईड झाला होता का?”

कडूबाईनं पदर सावरला. “सहा वर्सांमागं ह्यांना…”

“ए!” आश्रुबा असा ओरडला की सुमनबाईच्या हातातला गोळा परातीत पडला. “कशात काय घालायलीस? मुदतीचा ताप होता तो. मुदत भरली, गेला. सहा वर्सं शिंकलो तरी का मी?”

कडूबाईनं मान खाली घातली. रोहिणीनं कागदावर काहीतरी लिहिलं. “तुमचीही डबी लागेल काका.”

“मी मालक हाय.”

“मालकाच्या पोटातही आतडीच असतात.”

नागसेनला हसू फुटलं. त्यानं ते लगेच गिळलं, पण आश्रुबानं बघितलं होतं. त्यानं रोहिणीच्या हातातून डबी हिसकावली. “दे इकडं! माझंबी घे, म्हंजी तोंड बंद हुईल तुझं!”

“रिपोर्ट येईपर्यंत हॉटेल बंद ठेवा. ते जमत नसेल तर निदान कांदा बंद करा. आणि साबणानं हात धुवा, तुम्हीसुद्धा.”

कांदा बंद! दारात तिची स्कूटी उभी होती. आश्रुबा तरातरा गेला आणि एक लाथ अशी घातली की स्कूटी आडवी होऊन आरसा फुटला. फाट्यावरची माणसं गोळा झाली. रोहिणीनं स्कूटी उभी केली, काचा रुमालात गोळा केल्या आणि विचारलं, “पायाला लागलं का काका?” मग निघून गेली. आश्रुबाला वाटलं, हिनं आपल्यालाच चपराक मारली.

दुसऱ्या दिवशी डब्या गेल्या. हॉटेल मात्र चालूच राहिलं. बंद ठेवणं म्हणजे कबूल केल्यासारखंच, असं आश्रुबाचं म्हणणं. गिऱ्हाईक निम्मंही उरलं नव्हतं. तो रिकाम्या बाकड्यांकडं बघायचा आणि एकेकाला न्याहाळायचा. कोण असेल? सुमनबाई तर सदा खोकते. कडूबाईचे गुडघे दुखतात. यांच्यात धडधाकट कोण?

घरी शिवकन्या अंथरुणावर उठून बसायला लागली होती. गालफडं आत गेलेली, पोट तेवढं पुढं. “आबा, तोंडाला चवच न्हाई बघा.”

“थांब,” आश्रुबा म्हणाला, “तुझ्या आबाच्या हाताला हाय.”

त्यानं मऊ भाकर कुस्करली, वर चोळलेला कांदा घातला, दही घातलं, हातानं एकजीव केलं आणि घास करून लेकीच्या तोंडात दिला. ती लहान असताना असाच द्यायचा. पोरीनं डोळे मिटून खाल्लं. “आता चव आली,” म्हणाली. आश्रुबाचे डोळे भरून आले. रोज दुपारी, रोज संध्याकाळी तो असा भरवायचा. कडूबाई दारातून बघायची. एकदा म्हणाली, “चमच्यानं भरवा की.” त्यानं असं बघितलं की ती चुलीपाशी निघून गेली.

सोमवारी सकाळी शिवकन्याला पुन्हा थंडी वाजली.

चार गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. दहा वाजता अंग असं तापलं की कडूबाईचा हात ठरेना. “माय, बाळ हलंना,” शिवकन्या म्हणाली. बस्स, एवढंच. आश्रुबानं जीप बोलावली, लेकीला उचलून मागच्या सीटवर निजवलं, कडूबाईला शेजारी बसवलं. “परभणीला मोठ्या दवाखान्यात न्या. मी हॉटेल झाकून मागून येतो.” जीप गेली. आश्रुबा रस्त्यावर उभा होता आणि त्याच्या डोक्यात एकच शब्द ठोके घालत होता. धडधाकट. धडधाकट.

हॉटेलच्या मागच्या दारानं आत गेला. सुमनबाईनं चूल पेटवून मोठा तवा चढवला होता, त्यावर पहिली भाकर होती. तेवढ्यात नागसेन आला. नुकताच मोरीत हात धुतलेला, अजून मनगटावर फेस. त्याला घरचं काहीच माहीत नव्हतं. नेहमीसारखा हसला आणि न सांगता हात पुढं केला.

आश्रुबानं हात धरला आणि हुंगला. साबणाचा वास आला. तरी त्यानं हात सोडला नाही.

“नागसेन, चार वर्सांत खाडे किती केलेस रे?”

“एकबी न्हाई मालक,” नागसेन अभिमानानं म्हणाला.

“ताप?”

“आपल्याला काय ताप येतोय! ठणठणीत हाय आपण.”

झालं. आश्रुबाची नजरच बदलली. सुमनबाई नंतर सांगायची, की त्याच्या डोळ्यांत माणूस राहिलाच नव्हता. “तूच हाईस तो,” आश्रुबा म्हणाला. “गाव नावं ठेवत होतं, तरी माझ्या ताटांना तुला हात लावू दिला. आन तू माझ्या लेकीला खाल्लंस! रक्तातच घाण हाय तुमच्या!”

“मालक, तोंड सांभाळून बोला.” नागसेनचं हसू पार गेलं. “रक्ताचं नाव काढायचं न्हाई. हात सोडा.”

“सोडतो की. उकळलं की मरत्यात न्हवं जंतू? भाजल्यावर तर मरतीलच.”

आणि काय होतंय ते कळायच्या आत त्यानं नागसेनचा हात पिरगाळला, त्याला गुडघ्यावर आणलं आणि उघडा पंजा तापल्या तव्यावर दाबला.

नागसेनची किंकाळी फाट्यापलीकडच्या पेट्रोल पंपावर ऐकू गेली. मनगटावरचा फेस चर्रकन उडाला. तव्यावरची भाकर सरकून चुलीत पडली. आश्रुबा दुसऱ्या हातानं त्याचं मनगट खाली रेटत होता. “मरा! मरा म्हणतो! किती जण हाव रे? मरा!” तो नागसेनशी बोलत नव्हता, हातातल्या न दिसणाऱ्या जंतूंशी बोलत होता. सुमनबाईनं उलथनं उचलून त्याच्या पाठीत हाणलं. मग पुन्हा हाणलं, डोक्यात. रक्त आलं तरी पकड सुटेना. शेवटी नागसेननं पडल्या पडल्या त्याच्या पोटात लाथ घातली. आश्रुबा मागं पिठाच्या डब्यांवर कोसळला आणि नागसेन सुटला. पंजाची कातडी मात्र तव्यालाच राहिली.

“मुडद्या!” सुमनबाई ओरडली. “काय केलंस रे हे? कुणाच्या लेकराला भाजलंस?”

नागसेन मोरीकडं धावला, हात पाण्याच्या बादलीत बुडवला आणि तिथंच शुद्ध हरपून पडला. माणसं धावून आली. त्याला गाडीत घालून जिंतूरला नेलं, तिथून परभणीला. त्याची माय सरजाबाई पोलीस ठाण्यात जाऊन बसली आणि केस नोंदवल्याशिवाय उठली नाही. आश्रुबा तोवर पसार झाला होता. परभणीत मेव्हण्याच्या घरी माडीवर दडून बसला. डोक्याला सुमनबाईच्या उलथन्याची खोक पडलेली, ती पंच्यानं बांधली होती. मेव्हण्यानं विचारलं, “खरंच त्यानं केलं होतं का हो?” आश्रुबा म्हणाला, “मग काय मी केलं?”

दवाखान्यातून मात्र बरी खबर येत होती. तिसऱ्या दिवशी कडूबाईचा निरोप आला, बाळाचे ठोके लागले. पाचव्या दिवशी ताप उतरला. “आबा कुठं हाईत म्हणून ईचारती सारखी,” असंही ती म्हणाली. मग कोण थांबतंय? पोलीस धरतील तर धरू देत. आश्रुबानं मेव्हण्याच्या घरून भाकर घेतली, दही घेतलं. माडीवर बसून दोन कांदे चिरले आणि मीठ लावून चोळले. डबा बांधला आणि दुपारच्या गर्दीत तोंडावर पंचा घेऊन बायकांच्या वॉर्डात शिरला.

शिवकन्या उशीला टेकून बसली होती. बापाला बघून तिचं तोंड उजळलं. “आबा! डोक्याला काय झालं?”

“काय न्हाई, दार लागलं.” तो तिच्या उशाशी बसला. “कसं हाय आपलं बाळराजं?”

“हलायलंय आता. रात्रभर लाथा मारतंय. तुमच्यावर गेलंय.”

आश्रुबा हसला. पाच दिवसांत पहिल्यांदा हसला. कडूबाई पाणी आणायला बाहेर गेली होती. त्यानं डबा उघडला, भाकर कुस्करली, दही ओतलं, कांदा घातला आणि हातानं कालवायला लागला. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, “काय नशीबवान पोरगी हाय, बाप भरवतोय.” आश्रुबानं घास वळला. शिवकन्यानं लहानपणीसारखा आ केला. घास तोंडात गेला.

“आश्रुबा काका.”

त्यानं मान वर केली. दारात रोहिणी उभी होती, धापा टाकत, हातात कागद. तिच्या मागं कडूबाई, हातात पाण्याची रिकामी बाटली.

“रिपोर्ट आले.”

“आले का?” आश्रुबा म्हणाला. “त्याच्यात निघाले ना? मी सांगतच होतो.”

“नागसेनचा रिपोर्ट स्वच्छ आहे. सुमनबाईंचा स्वच्छ. कडूबाईंचा स्वच्छ.”

“मग?”

रोहिणीनं कागद खाली घेतला. ती त्याच्या उजव्या हाताकडं बघत होती. दही पाचही बोटांना लागलं होतं, नखात कांद्याचा तुकडा अडकला होता. आश्रुबानंही खाली बघितलं, स्वतःच्याच हाताकडं, कधी नव्हे इतका वेळ. सहा वर्षांमागचा ताप आठवला. कडूबाई चमचा म्हणाली होती, ते आठवलं. तव्यावर दाबलेला तो स्वच्छ हात आठवला. मग त्याला दिसलं, की लेक समोर बसून घास चावतेय.

“थुंक!”

“आं?”

“थुंक! गिळू नगंस! थुंक म्हणतो!”

शिवकन्याला काहीच कळेना. घाबरून ती गिळायलाच लागली. आश्रुबानं झेप घेतली, डाव्या हातानं तिचा जबडा धरला आणि उजव्या हाताची बोटं तोंडात खुपसणार, तोच त्याला आठवलं, हाच तो हात! तो हात त्यानं हवेतच मागं ओढला आणि डावा पंजा तिच्या पाठीत घातला, एक, दोन, तीन. पोरगी खोकायला लागली. घास चादरीवर पडला. ओठ फुटून रक्त आलं. “माय! माय गं!” ती किंचाळली आणि दोन्ही हातांनी पोट धरलं.

साऱ्या वॉर्डाला एवढंच दिसलं, की एक गडी पोटुशी बाईला मारतोय. मग काय! शेजारच्या बाईचा नवरा धावला, दारातले दोघं धावले, वॉर्डबॉय धावला. पहिला ठोसा जबड्यावर बसला. आश्रुबा खाटेच्या कडेला आपटला, डोक्याची खोक पुन्हा फुटली. लाथा बरगड्यांत बसायला लागल्या. रोहिणी “थांबा, थांबा” म्हणून ओरडत होती, कोण ऐकतंय? साऱ्या तालुक्याला मारत आलेला हा माणूस. त्यानं एकदाही हात वर केला नाही. खाली पडल्या पडल्या एकच विचारत होता, “गिळला का गं? शिवकन्या, घास गिळला का?”

“पडला,” कडूबाई म्हणाली. ती लेकीला छातीशी धरून उभी होती. “पडला खाली. आन तुमी हिला हात लावू नगा. पुन्हा कवाच न्हाई.”

तीस वर्षांत तिनं नवऱ्याला पहिल्यांदा दरडावलं होतं. शिवकन्या आईच्या पदराआडून बापाकडं बघत होती. रोहिणीनं तिला काय ते हळू आवाजात सांगितलं. तशी पोरीनं जीभ बाहेर काढली आणि पदरानं खसाखसा पुसली. आश्रुबानं ते बघितलं. बरगडी मोडली होती, तिचं काही नाही, पण ते बघून तो लहान पोरासारखा हंबरडा फोडून रडला.

तोवर खालून पोलीस निघाले असल्याचं कुणी तरी सांगितलं. वॉर्डबॉयनं त्याला दंडाला धरून व्हरांड्यात ओढलं. व्हरांड्यात बाकावर सरजाबाई बसली होती, शेजारी नागसेन. उजवा हात कोपरापर्यंत पट्ट्यांत गुंडाळलेला, गळ्यात अडकवलेला. ड्रेसिंगसाठी नंबर यायची वाट बघत होता. गलका ऐकून तो उभा राहिला. सगळं त्यानं ऐकलं होतं.

आश्रुबा त्याच्यासमोर गुडघ्यावर बसला. नाकातून रक्त गळत होतं, बोटांवर दही वाळत होतं.

“नागसेन, चुकलं रे. लय मोठं पाप झालं माझ्याकडून. तुझे पाय धरतो.”

तो पायांकडं वाकला. नागसेन दोन पावलं मागं सरकला.

“लांबूनच,” तो म्हणाला. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. वरून त्यानं आश्रुबाच्या पसरलेल्या पंजांकडं बघितलं. रोज सकाळी मागच्या दाराशी आश्रुबा त्याच्या पंजांकडं बघायचा, तसंच. “हात दाखवा मालक.”

आश्रुबानं हात वर केले. पंजा वर, पंजा खाली.

“साबणाचा वास न्हाई,” नागसेन म्हणाला. “आधी धुऊन या.”

मग तो मायला घेऊन आत ड्रेसिंगला निघून गेला. व्हरांड्याच्या टोकाला नळ होता. आश्रुबा सरपटत तिथं गेला आणि नळ सोडला. पाणी हातांवरून वाहत राहिलं. त्यानं कोनाड्यात बघितलं, खिडकीत बघितलं, साबण कुठंच नव्हता. जिन्यावरून पोलिसांच्या बुटांचे आवाज येत होते, आणि तो येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला ओले हात दाखवून विचारत होता, “साबण हाय का हो कुणाकडं? थोडासा साबण?”